‘मोठा हीटर टाका, वीज वाचवा’ : टाकी जाळणारा सल्ला

एमआयडीसीतल्या मेंटेनन्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. कुणी नवी टाकी बसवली किंवा कुणाचा हीटर जळला, की तो हमखास येऊन पडतो. त्याचं म्हणणं असं : टाकीत मावेल तेवढा मोठा इमर्शन हीटर (द्रवात बुडवून तापवणारा विजेचा हीटर) घ्या, लवकर तापतं आणि वीज वाचते. एसएस ३१६ चा (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) घेतला की कुठल्याही द्रवाला चालतो. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणारा स्विच) असताना बाकीच्या संरक्षणावर खर्च नको. आणि जळलाच तर बदलायचा, हीटर ही खपाचीच वस्तू. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि थर्मोस्टॅटचं वाक्य तर माणसाच्या जिवावर बेतणारं आहे.

आधी विजेचं बघू. हीटरच्या तारेत गेलेल्या प्रत्येक युनिटची उष्णताच होते, ८६० किलोकॅलरी. हीटर लहान असो की मोठा, देशी असो की परदेशी, या आकड्यात फरक पडत नाही. १० हजार लिटर फर्नेस ऑइल (भट्टी-बॉयलरमध्ये जाळायचं जाड तेल) ३० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण १०० युनिट लागतात. १२ किलोवॅटचा हीटर त्याला आठ-नऊ तास घेईल, ५० किलोवॅटचा दोन तास. युनिट तेवढेच. लवकर तापल्यामुळे मधल्या वेळेत पत्र्यातून जाणारी उष्णता थोडी वाचते, हे खरं. पण ती दहा-पंधरा युनिटांची गोष्ट, आणि तीही टाकी थंडीतून गरम करताना एकदाच. रोजची गळती निराळी. उघड्या पत्र्याची अशी टाकी ५० अंशांवर धरून ठेवली, तर ढोबळ हिशेबाने ३ ते ५ किलोवॅट सतत हवेत जातात, म्हणजे दिवसाला ७० ते १२० युनिट. त्याच टाकीला ५० मिलिमीटर ग्लासवूलचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) आणि वर पत्रा चढवला की हाच आकडा दिवसाला दहा-बारा युनिटांवर येतो. वीज वाचवायची असेल तर पैसा इथे घाला. शिवाय एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, जोडणीत महावितरणचं बिल नुसत्या युनिटांवर निघत नाही, कमाल मागणीवरही निघतं. ५० किलोवॅटचा हीटर बाकीच्या मशीनबरोबर चालू झाला आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी ठरलेली मागणीची मर्यादा) ओलांडली गेली, तर ‘वाचवलेली’ वीज दंडासकट परत द्यावी लागते.

पण मोठ्या हीटरचं खरं नुकसान बिलात दिसत नाही, ते टाकीच्या आत होतं. कोटेशन मागवताना सगळे किलोवॅट विचारतात. विचारायला हवं ते वॅट प्रति चौरस सेंटीमीटर. एलिमेंटच्या, म्हणजे आत तार असलेल्या तापणाऱ्या नळीच्या, पृष्ठभागावरून किती उष्णता बाहेर ढकलली जाते, आणि समोरचा द्रव ती तेवढ्याच वेगाने उचलू शकतो का, यावर सगळं ठरतं. स्वच्छ पाणी पातळ असतं, तापलं की झटकन वर सरकतं, म्हणून पाण्याला ६ ते ८ वॅट सहज चालतात. फर्नेस ऑइल जाड, ते जागचं हलायला तयार नसतं; त्याला सव्वा वॅटच्या वर जाऊ नये. मळी तर त्याहून हट्टी, तिच्यासाठी एक वॅटच्याही खाली राहावं लागतं. मोठ्या आचेवर न ढवळलेलं दूध जसं तळाला लागतं, तेच इथे होतं. टाकीचं तापमान ५० अंश दिसतं, पण एलिमेंटला चिकटलेला तेलाचा थर करपलेला असतो. त्याचा कोक (कोळशासारखा कडक थर) होतो, कोक उष्णता अडवतो, आतली तार आणखी तापते, आणखी कोक बसतो. असा हीटर बाहेर काढल्यावर एलिमेंटवर काळं, डांबरासारखं कवच असतं. ते खरवडायला छिन्नी लागते, आणि खाली नळी कुठेतरी फुगलेली किंवा फुटलेली सापडते. दोष मात्र ‘हलक्या मालाला’ दिला जातो.

हिशेब अवघड नाही. १२ किलोवॅट सव्वा वॅटने द्यायचे तर जवळजवळ १ चौरस मीटर पृष्ठभाग हवा, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाची सुमारे २० मीटर तापणारी नळी. त्याच नळीतून ५० किलोवॅट काढायला गेलात, की प्रति चौरस सेंटीमीटर ५ वॅट झाले. तेल करपणारच. आणि पंपापर्यंत तेल वाहतं ठेवण्यापुरतीच गरज असेल, तर सगळी टाकी तापवण्याचंही कारण नाही. निघण्याच्या तोंडाशी आउटफ्लो हीटर बसवला की जेवढं तेल बाहेर पडतं, तेवढंच तापतं.

एसएस ३१६ बद्दल थोडक्यात. गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या पिकलिंग (धातूवरचा गंज काढण्याच्या) टाकीत तो टिकत नाही, आणि क्लोराइड असलेल्या गरम पाण्यात ताणाखालच्या जागी त्याला तडे जातात. निकेल प्लेटिंगला टायटॅनियम किंवा टेफ्लॉन चढवलेला हीटर घेतात. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असेल तर क्वार्ट्झ आणि टायटॅनियम दोन्ही बाद, टेफ्लॉनच हवं. पण टेफ्लॉन उष्णता अडवतं, म्हणून तिथेही किलोवॅट तेवढेच ठेवून नुसता हीटर बदलता येत नाही, पृष्ठभाग वाढवावा लागतो.

आता थर्मोस्टॅट. त्याचं काम तापमान राखणं, धोका ओळखणं नव्हे. त्याने ‘बंद’ म्हटलं तरी काँटॅक्टरचे (हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले असतील तर हीटर चालूच राहतो. त्याचा सेन्सर पातळी खाली गेल्यावर हवेत लोंबकळत असेल तर त्याला टाकी थंडच वाटते, आणि तो उलट हीटर चालू ठेवतो. उघडा पडलेला एलिमेंट थोड्याच वेळात लाल होतो. प्लेटिंगच्या पॉलिप्रोपिलीन टाक्यांना आग लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) किमान ६६ अंश. लाल एलिमेंटसमोर त्याची वाफ आली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून पातळी घटली की वीज तोडणारा स्विच हवा, एलिमेंटच्या अंगालाच बांधलेला दुसरा सेन्सर हवा, आणि त्या सेन्सरने स्वतंत्र काँटॅक्टर तोडायला हवा, जो माणसाने येऊन रीसेट केल्याशिवाय परत लागणार नाही. पंपाची सक्शन (तेल ओढणारी नळी) हीटरच्या वरच्या पातळीवर काढली, तर पंप टाकी कितीही ओढो, एलिमेंट बुडालेलाच राहतो. याला तर वेगळा खर्चही नाही, फक्त टाकी बनवताना ध्यानात ठेवायचं. ज्वालाग्राही द्रव असेल तिथे टर्मिनल बॉक्स फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर न जाऊ देणारा) आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची (स्फोटक-ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता असलेलाच घ्यायचा, यात तडजोड नाही.

पावसाळ्यात एक प्रकार सर्रास होतो. नळीच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते आणि ती हवेतला दमटपणा ओढून घेते. महाड, लोटे, तारापूरकडे जुलैमध्ये गोदामात पडलेला कोरा हीटर लावला की ईएलसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो. मग कुणीतरी ‘ईएलसीबी खराब आहे’ म्हणून तो बायपास करतो, आणि ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या आणि करंटच्या मध्ये असलेलं शेवटचं संरक्षण काढून टाकतो. हे कृपा करून कुणी करू नका. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा. एक मेगओमच्या खाली आला तर हीटर ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास काही तास सुकवा, पुन्हा मेगर करा, मगच लावा.

राहिलं ‘जळला तर बदलायचा’. एलिमेंटची किंमत खरोखर कमी असते. पण फ्लँजवरचा (टाकीला बोल्टने बसवलेला) हीटर तळाशी असतो, म्हणजे तो काढायला आधी १० हजार लिटर गरम तेल दुसरीकडे ठेवायला जागा हवी, टाकी मोकळी करायला हवी, आणि तोवर लाइन बंद. जाड द्रवाच्या टाकीला सुरुवातीलाच बंद पाइपच्या खिशात सरकणारा बॉबिन हीटर घ्या. पाइप टाकीला वेल्ड केलेला राहतो, तेल आत तसंच राहतं, वीज तोडून जळका गाभा बाहेरून ओढायचा आणि नवा सरकवायचा. पाइप जाड असल्यामुळे पृष्ठभागही मोठा मिळतो आणि प्रति चौरस सेंटीमीटर वॅट आपोआप खाली येतात. ऑर्डर देण्याआधी फक्त एवढं मोजा, की तो गाभा पूर्ण बाहेर येईल इतकी मोकळी जागा टाकी आणि समोरच्या भिंतीमध्ये आहे.