‘लिस्टिंगचे नियम म्हणजे कागदी घोडे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कंपन्यांना शेअर बाजारात येण्यासाठी (म्हणजे लिस्टिंगसाठी) आणि तिथे टिकून राहण्यासाठी काय काय पाळावं लागतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे सगळे कागदी घोडे आहेत, घोटाळ्यात बुडालेल्या सत्यम या आयटी कंपनीचेही कागद चोख होते. तोट्यातल्या कंपन्यांना वेगळं दार उघडं आहेच. आणि कंपनीनं नियम मोडला की अडकतो तो भागधारक, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी; तुमचे स्वतःचे शेअरही असेच अडकलेत. वर, असले लेख लिहून मी निवृत्त माणसांना बाजारात ओढू नये, असंही तुम्ही सुनावलंत. उत्तर जरा लांबणार आहे, कारण तुमचा पहिला मुद्दा मला मुळीच पटलेला नाही आणि तिसऱ्यात मात्र बराच दम आहे.

आधी सत्यम. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे संस्थापक रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ऑडिट झालेलं होतं, संचालक मंडळावर वजनदार नावं होती, तिमाही निकाल वेळेवर येत होते. इथवर तुमचं बरोबर. पण हे बिंग फुटलं कसं, तेही बघा. १६ डिसेंबर २००८ला सत्यमनं राजू कुटुंबाशी संबंधित असलेल्या मायटास नावाच्या दोन कंपन्या विकत घेत असल्याचं जाहीर केलं. सूचिबद्ध कंपनीला एवढा मोठा निर्णय बाजाराला कळवल्याशिवाय गत्यंतर नसतं. बातमी आली, गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत कंपनीला माघार घ्यावी लागली. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, हे राजूंनी स्वतः त्या पत्रात लिहिलंय. कंपनी बाजारात नसती तर हा व्यवहार चार भिंतींआड उरकला असता.

कर्जासाठी प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणाऱ्यांनी, आपले शेअर तारण ठेवले होते, हेही तोवर बाहेर कुणाला धड ठाऊक नव्हतं. सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेनं, त्याच जानेवारीत तारण शेअरची माहिती जाहीर करणं बंधनकारक केलं. त्या माहितीचा रकाना आज कंपनीच्या शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात तुम्हाआम्हाला फुकट वाचायला मिळतो, आणि माझ्या मते लहान गुंतवणूकदारासाठी त्याच्याइतकी उपयोगी जागा दुसरी नाही. त्याकडे येतोच.

प्रवेशाच्या अटींवर तुम्ही जो राग काढलात तो मी समजू शकतो. मागच्या तीन वर्षांत दर वर्षी किमान ३ कोटींची निव्वळ मूर्त (देणी वजा जाता उरणारी, हाताला लागणारी) मालमत्ता, दर वर्षी किमान १ कोटीचं नेटवर्थ (भागधारकांचं स्वतःचं भांडवल), दर वर्षी कामकाजातून नफा आणि त्याची तीन वर्षांची सरासरी किमान १५ कोटी. मुख्य बाजारासाठीचे हे आकडे काही डोंगराएवढे नाहीत; भोसरी-चाकण पट्ट्यातले चांगला जम बसलेले कितीतरी कारखाने त्यात बसतील. या अटी दर्जाची हमी देत नाहीत, आणि सेबीही तसं म्हणत नाही. सेबीकडे मसुदा सादर झाला म्हणजे सेबीनं या इश्यूला (शेअरविक्रीला) मान्यता दिली असं समजू नये, हे प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं. दुर्दैवानं ते पान कुणी उघडत नाही आणि ‘सेबीनं पास केलाय’ असं सांगत ब्रोकरचा पोऱ्या फॉर्म भरून घेतो. याची मला मनापासून चीड आहे.

तोट्यातल्या कंपन्यांचं दारही खरंच आहे, फक्त त्याला एक अट आहे. नफ्याची अट पुरी होत नसेल, तर इश्यूतला किमान ७५ टक्के भाग संस्थात्मक गुंतवणूकदारांना द्यावा लागतो. तेवढे शेअर त्यांनी घेतले नाहीत तर सगळे पैसे परत. तुमच्याआमच्यासाठी जास्तीत जास्त १० टक्के राहतात. कल्पना अशी की मोठे आणि जाणकार लोक आधी पारखून घेतील. ही ढाल पातळ आहे, हे मीही म्हणतो. त्या संस्थांमध्ये म्युच्युअल फंड असतात आणि त्यांत पुन्हा आपल्याच एसआयपीचे पैसे. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर २०२१मध्ये २,१५० रुपयांना विकला गेला आणि पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. संस्थांनी पारखल्यामुळे भाव योग्यच असतो, असं त्यानंतर कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

तरीही मी नियमांच्या बाजूनं का उभा राहतो? लिस्टिंगचं खरं मोल आत शिरण्यात नाही, आत आल्यावर सतत बोलत राहण्याच्या सक्तीत आहे. पहिल्या तिन्ही तिमाहींचे निकाल ४५ दिवसांत, वर्षाचे ६० दिवसांत. शेअर कुणाकडे किती, याचा तक्ता तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत. संचालक मंडळाच्या बैठकीत महत्त्वाचा निर्णय झाला तर साधारणपणे ३० मिनिटांत. ऑडिटरनं राजीनामा दिला तर त्याची कारणं २४ तासांत, आणि ऑक्टोबर २०१९पासून त्याला चालू तिमाहीचा अहवाल दिल्याशिवाय सहजासहजी निघूनही जाता येत नाही.

आता तो तक्ता. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका, शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा. प्रवर्तकांच्या ओळीत शेवटाकडे तारण ठेवलेल्या शेअरचा रकाना आहे. एकच तिमाही बघून काही कळत नाही. मागच्या सहा-आठ तिमाह्या शेजारी शेजारी मांडा. पुण्याजवळच्या एका मध्यम कंपनीचे तक्ते मी असे मांडले होते. सुरुवातीला तारण नगण्य. मग दर तिमाहीला वाढत वाढत प्रवर्तकांच्या निम्म्याहून अधिक शेअरवर बोजा. त्या काळात नफा छान दिसत होता आणि अध्यक्षांच्या मुलाखतीही. मग ऑडिटरचा राजीनामा, कारण ‘व्यग्रता’. त्यानंतरचा निकाल मुदतीत आलाच नाही. हे सगळं व्यवहार बंद होण्याच्या कितीतरी आधी जाहीर होतं आणि तेव्हा शेअर विकायला गिऱ्हाईकही होतं. कागदी घोडे म्हणाल, तर हेच घोडे धोक्याची बातमी आधी घेऊन आले होते.

आता तुमचा तिसरा मुद्दा. निकाल दिला नाही तर दंड दिवसाला ५,००० रुपये, आणि तो कंपनी भरते, म्हणजे शेवटी भागधारकच. सलग दोन तिमाह्या चुकल्या की शेअर झेड गटात (नियम न पाळणाऱ्या कंपन्यांच्या गटात) जातो, प्रवर्तकांचे शेअर गोठवले जातात, तरी कंपनी सुधारली नाही तर व्यवहार स्थगित होतात. मग सहा महिने आठवड्यातून एकदा, पहिल्या कामकाजाच्या दिवशी, विकण्याची फट उघडी असते. ज्यांना ही फट ठाऊक नसते त्यांचे शेअर अडकतात, आणि बहुतेकांना ती ठाऊक नसते. अशा प्रत्येक भागधारकाला बाजारानं थेट मेसेज पाठवायला हवा, असं माझं ठाम मत आहे; ईमेल आणि मोबाइल नंबर डीमॅट खात्याला जोडलेलेच असतात.

पुढची पायरी सक्तीचं डीलिस्टिंग, म्हणजे कंपनीला बाजाराच्या यादीतून काढणं. त्यात स्वतंत्र मूल्यांककानं ठरवलेल्या वाजवी भावानं प्रवर्तकांनी जनतेचे शेअर विकत घ्यायचे असतात आणि कंपनीला व प्रवर्तकांना दहा वर्षं बाजाराची दारं बंद होतात. प्रवर्तक पैसे राखून असेल तर हे ठीक. तो परागंदा झाला असेल किंवा कंपनी दिवाळखोरीत गेली असेल, तर तो वाजवी भाव वसूल कुणाकडून करायचा? दिवाळखोरीत भागधारक रांगेत शेवटचा. दिवाण हाउसिंग या दिवाळखोरीत गेलेल्या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांच्या हाती २०२१मध्ये शून्य आलं. संन्याशाच्या फाशीबद्दलचा तुमचा संताप इथे शंभर टक्के रास्त आहे.

आपल्या पुण्याच्या बाजाराचा उल्लेख तुम्ही केलात, तोही याच दुखण्याचा भाग. १९८२ साली सुरू झालेला, कुमठेकर रस्त्यावरचा पुणे स्टॉक एक्स्चेंज २०१५मध्ये बंद झाला. वर्षाला १,००० कोटींची उलाढाल नसलेल्या बाजारांनी बाहेर पडावं, हे सेबीचं २०१२चं धोरण त्याच्या मुळाशी होतं. अशा प्रादेशिक बाजारांत एकट्यानं नोंदलेल्या कंपन्या ‘डिसेमिनेशन बोर्ड’ नावाच्या यादीत गेल्या. तिथे खरेदीदार शोधणं जवळपास अशक्यच. २०१६मध्ये सेबीनं त्यांना सांगितलं की एक तर मोठ्या बाजारात नोंदणी करा, नाही तर भागधारकांना पैसे देऊन मोकळं करा. काहींनी केलं, काही कंपन्या पत्त्यावर सापडल्याच नाहीत.

लोकांना ओढण्याच्या आरोपाबद्दल एवढंच: औषधपाण्याचे पैसे कुणी छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये घालू नयेत, हे मी आधीही लिहिलंय. पण पुण्यातल्या घराघरांत जुने शेअर पडून आहेत, आणि ते ज्यांच्या नावावर आहेत त्यांनी हे तक्ते वाचायला शिकायलाच हवं.

आता तुमच्या अडकलेल्या शेअरचं. आधी बाजाराच्या संकेतस्थळावर स्थगितीचं कारण बघा. नियमभंगाची स्थगिती आणि दिवाळखोरीतली स्थगिती यांचे मार्ग निराळे. कागदी सर्टिफिकेटं असतील तर आधी डीमॅट, कारण एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून होत नाहीत. सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर केंद्र सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण) निधीकडे वळते झालेत का तेही तपासा; तिथून ते परत मागता येतात. कंपनी चालू असून दाद देत नसेल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करा, सोबत फोलिओ क्रमांक आणि पत्रव्यवहाराच्या प्रती जोडा. यातलं कारण नेमकं कोणतं निघतं ते इथेच कळवा. कंपनीचं नाव जाहीरपणे लिहायची गरज नाही, पुढचं पाऊल त्यावरून सांगता येईल.