'जागा काय, कुठेही मिळते': एका फॉरवर्डचा पंचनामा

दिवाळी सरली की ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: "सह्याद्रीत मुक्कामाची जागा आधी ठरवायची गरज नाही. उजेड आहे तोवर चाला. पाण्याच्या काठी सपाट जागा बघून तंबू टाका, नाहीतर सरळ कड्याच्या टोकाला टाका. पाऊस-वीज आली तर गुहा सगळ्यात सुरक्षित. शेकोटी पेटवली की जनावर फिरकत नाही." राजमाचीसारख्या, गडावरच वस्ती असलेल्या ठिकाणी हे खपून जातं. अलंग-मदन-कुलंग हे तीन गड, नळीच्या म्हणजे अरुंद घळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड किंवा सांदण दरी करायची असेल, तर यातलं प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं लागतं.

"उजेड आहे तोवर चाला." डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नळीतून ऊन त्याच्या बरंच आधी जातं. तंबू, पाणी आणि स्वयंपाक यांना मिळून दीड तास धरा, म्हणजे साडेचारला थांबायला हवं. अलंग-मदनच्या कातळटप्प्यांवर रोप लावून मोठा गट चढवताना एकेका टप्प्यावर तास सहज जातो. हिशेब चुकला तर रात्र अरुंद आडव्या वाटेवर, बसल्या जागी काढायची. म्हणून एक नाही, दोन जागा आधी हेरा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीत २० मीटरच्या अंतराने असतात. दोन रेषांमध्ये एक सेंटिमीटर मोकळं असेल, तर जमिनीवर ५०० मीटरला २० मीटर चढ, म्हणजे ४ टक्के. अशा पट्ट्यात जागा सापडते. मात्र २० मीटरपेक्षा लहान उंचवटे आणि खड्डे हा नकाशा दाखवत नाही. ते गावातल्या वाटाड्यालाच माहीत असतात. पायथ्याच्या आंबेवाडीत विचारल्याशिवाय अलंगची वाट धरू नका, आणि विचारताना गडावरच्या कोणत्या टाक्याचं (कातळात कोरलेल्या हौदाचं) पाणी सध्या पिण्याजोगं आहे तेही विचारा.

"पाण्याच्या काठी." सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पाणी जवळ हवं हे खरं, पण काठावर नको. ओढ्यापासून किंवा टाक्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावलं दूर राहा. एक तर भांडी धुतलेलं पाणी आणि साबण टाक्यात उतरला, की मागून येणाऱ्यांचं पिण्याचं पाणी गेलं. दुसरं, जनावरांची पाणवठ्याची वाट रात्री चालू असते. तिसरं, थंड हवा जड असल्याने रात्री घळीत साठते आणि काठावरचा तंबू पहाटे दवाने आतून-बाहेरून भिजतो. पण खरा धोका पुराचा. सांदणीसारख्या दरीत डोक्यावर आभाळ निरभ्र असलं, तरी वरच्या साम्रद गावाच्या पठारावर वळवाची सर पडली की पाणी त्याच फटीत येतं, आणि दोन्ही बाजूंना सरळ भिंती असतात. मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी तर दरीत मुक्काम टाळलेलाच बरा. कोरड्या पात्राशेजारी जागा बघताना झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि काटक्या किती उंचीवर आहेत ते पाहा. मागचा पूर तिथवर आला होता. तंबू त्याच्या बराच वर हवा.

"सपाट जागा बघून." अगदी सपाट जागा बहुधा खोलगट निघते आणि सरीत तिचं डबकं होतं. किंचित उतार चांगला, डोकं वरच्या बाजूला. आधी सॅकशिवाय पाच मिनिटं आडवे होऊन बघा, पाठीखालचे दगड लगेच कळतात. तंबूखालचं प्लॅस्टिक कडेने बाहेर डोकावत असेल तर पाऊस त्यावर पडून थेट तळाखाली शिरतो; दोन-तीन बोटं आत दुमडा. तंबूभोवती चर खणायचा जुना सल्ला मात्र सोडून द्या. त्याने माती वाहते, आणि खोलगट जागेत पाणी तरीही येतंच.

"कड्याच्या टोकाला." हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वाऱ्याचा झोत अंगावर येतो आणि तिथल्या कातळात खुंट्या शिरत नाहीत. ताणाची दोरी नुसत्या दगडाला गुंडाळली तर धारेवर घासून तुटते. वीतभर काठीच्या मधोमध दोरी बांधा, काठी आडवी ठेवा आणि तिच्यावर दगड रचा. दगड बुटाने किंवा काठीने आधी उलटून मगच उचला, खाली फुरसं किंवा विंचू असू शकतो. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवा. कड्यापासून निदान पन्नास पावलं आत, कारवीच्या आडोशाला राहा. रात्री लघवीला उठलेला माणूस झोपेत असतो, हेही त्यामागचं कारण.

"गुहा सगळ्यात सुरक्षित." अर्धं खरं. अलंगवर थंडीत गुहेइतका चांगला निवारा नाही. पण हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या लेण्यात गार पाणी भरलेलं असतं, तिथे झोपायचा प्रश्नच नाही. भिंतीवर शेवाळ किंवा पांढरे ओघळ दिसले तर पावसात तिथून पाणी झिरपतं. तोंडावर किंवा वरच्या कड्यावर आग्या मोहोळ आहे का ते दिवसा बघा. असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको, खरं तर जागाच बदला. आणि विजेपासून उथळ गुहा वाचवत नाही, प्रवाह तोंडाशी छतावरून जमिनीकडे उडी मारू शकतो. खोल गुहा असेल तर आत, भिंतीला न टेकता बसा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे; माथा आणि एकटं झाड सोडून खाली सरका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही.

"शेकोटी." नोव्हेंबरपासून गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीत डोंगर पेटतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथे तर शेकोटीचा विचारही नको. जनावरांसाठी उरलेलं अन्न बंद डब्यात, तंबूपासून लांब ठेवणं जास्त उपयोगी पडतं. वारा आहे म्हणून स्टोव्ह तंबूत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.