रांग होती, पण तिच्यात आपल्याला जागा नव्हती

"अमेरिकेच्या कायद्याने सुरुवातीला कुणालाच अडवलं नाही. नियमाने रांगेत उभा राहिला त्याला नागरिकत्व मिळालं. भेदभाव वगैरे नंतर काढलेलं खूळ आहे." हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. ग्रीन कार्डची वाट बघत बसलेले आपले लोकही तो पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"कुणालाच अडवलं नाही" हे अर्धं खरं आहे. १८७५ पर्यंत येणाऱ्यांना किनाऱ्यावर रोखणारे केंद्राचे कायदे जवळजवळ नव्हते. पण बोटीतून उतरणं वेगळं आणि नागरिक होणं वेगळं.

नागरिकत्व देण्याचा पहिलाच कायदा १७९० चा. नव्या संविधानाचा कारभार सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्यात दोन वर्षांचा रहिवास आणि चांगली वर्तणूक या अटी होत्याच, पण अर्ज करणारी व्यक्ती 'स्वतंत्र आणि गोरी' असावी, हेही स्पष्ट लिहिलं होतं. मग भेदभाव नंतर आला असं कसं म्हणायचं?

बरं, गोऱ्यांना तरी सरसकट दार उघडं होतं का? न्यूयॉर्कच्या १७७७ च्या राज्यघटनेत नव्या नागरिकाला धर्माच्या बाबतीतही परकीय सत्तेवरची निष्ठा सोडावी लागे. रोख पोपकडे, म्हणजे कॅथलिकांकडे होता. रहिवासाची अट १७९५ मध्ये पाच वर्षं झाली आणि १७९८ मध्ये थेट चौदा. त्याच वर्षी, धोकादायक वाटेल त्या परक्या माणसाला खटल्याशिवाय देशाबाहेर काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. फ्रान्सशी युद्धाची भीती होती, हे मान्य. पण नवे आयरिश मतदार विरोधी नेते थॉमस जेफरसन यांच्या पक्षाकडे वळत होते, हेही सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाला चांगलं ठाऊक होतं. १८०२ मध्ये, जेफरसन सत्तेवर असताना, अट पुन्हा पाच वर्षांवर आली. 'गोरी व्यक्ती' हे शब्द मात्र तसेच राहिले. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना वाट मिळाली, आशियाई बाहेरच राहिले.

आता ती रांग. पंजाबातून अमेरिकेत आलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते आणि त्यांनी नागरिकत्वासाठी रीतसर अर्ज केला होता. यापेक्षा नियमाने काय वागायचं? १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. आधार तोच, १७९० चा शब्द. मग ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सरकार कोर्टात गेलं. कॅलिफोर्नियातले वकील सखाराम गणेश पंडित १९१४ पासून नागरिक होते, त्यांच्यावरही दावा झाला. ते लढले आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले. बाकीच्या अनेकांचं नागरिकत्व गेलं.

भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली १९४६ मध्ये, आणि नव्याने येणाऱ्यांसाठी कोटा ठरला वर्षाला १०० माणसांचा. वंशाची अट सगळ्यांसाठी उठली ती १९५२ मध्ये.