अडीच मिनिटांची ओढ आणि पन्नास वर्षांचा पाइप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पाण्याच्या एचडीपीई (दाट पॉलिथिन) पाइपांच्या चाचण्यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. खानदेशात तुमचा पाइपाचा कारखाना आहे. कच्च्या प्लॅस्टिकच्या दाण्याचा एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) तुम्ही रोज बघता आणि पाइपाचा तुकडा यूटीएमवर (ओढून ताकद मोजायच्या यंत्रावर) ओढता. तो सहाशे टक्के लांबतो, तेव्हा कुठे तुटतो. लोखंडाला ओढून बघणं पुरतं, मग प्लॅस्टिकलाच डीएससी (तापवताना माल कधी वितळतो ते दाखवणारं यंत्र) आणि पाइप दाबाखाली ठेवायची गरम पाण्याची टाकी कशाला, हा तुमचा प्रश्न. आणि लॅबवाले लहान कारखानदाराला घाबरवून धंदा करतात, हा आरोप.

आधी लोखंडाचं बघू, कारण खरा मतभेद तिथेच आहे. नेहमीच्या तापमानाला पोलादाच्या सळईवर आज भार टाकला काय आणि दहा वर्षं तो तसाच ठेवला काय, फारसा फरक पडत नाही. पॉलिथिनचं तसं नाही. ते वितळतं साधारण १३० अंशांना, पण त्याचा स्फटिक नसलेला भाग पार गोठायला शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे जावं लागतं. म्हणजे आपल्या हवामानात त्या भागातल्या साखळ्या कायम हलत्या असतात. भार कायम राहिला की त्या हळूहळू सरकत राहतात. म्हणून पॉलिमरची ताकद सांगताना किती वेळ आणि किती तापमानाला, हे सांगितलं नाही तर तो आकडा अर्धवट राहतो.

तुम्ही वापरता तो पीई १००, म्हणजे पाइपासाठीच्या पॉलिथिनचा एक दर्जा, घ्या. यूटीएमवर तो २३ ते २५ मेगापास्कल (ताणाचं एकक) च्या आसपास यील्ड होतो, म्हणजे कायमचा ताणला जाऊ लागतो. पण नावातला १०० या आकड्यावरून आलेला नाही. २० अंश तापमानाला, आत पाण्याचा दाब घेऊन ५० वर्षं टिकायचं तर भिंतीला किमान १० मेगापास्कल ताण सोसता आला पाहिजे, त्यावरून तो आला. त्यावर १.२५ चा सुरक्षा गुणांक लावला की डिझाइनला उरतात ८. माल तोच, पण अडीच मिनिटांचं उत्तर एक आणि पन्नास वर्षांचं दुसरं. अडीच मिनिटं अशासाठी म्हणतो, की ५० मिमीचं मोजमाप मिनिटाला १०० मिमी वेगाने पाचशे टक्के ओढायला तेवढाच वेळ लागतो. पन्नास वर्षांचे तास होतात ४,३८,०००. शिवाय हे सगळं २० अंशांचं गणित. आयएसओ ४४२७ या अशा पाइपांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पाणी ३० अंशांचं असेल तर दाबाची क्षमता ०.८७ पट धरायची, ४० अंशांचं असेल तर ०.७४ पट. मे महिन्यात बांधावर उघडा पडलेला काळा पाइप किती तापतो, हे खानदेशातल्या माणसाला मी सांगायला नको.

आता तुमच्या सहाशे टक्क्यांकडे येतो. त्यांचा मला आदर आहे, कारण दाणा नीट वितळून एकजीव झाला आहे की नाही, हे त्यावरून चांगलं कळतं. मानकात किमान ३५० टक्के मागितले आहेत, तुम्ही त्याच्या बरेच पुढे आहात. पण पाइप जमिनीत दोन तऱ्हांनी फुटतो. दाब फार वाढला तर तो आधी फुगतो, भिंत पातळ होते आणि मग फाटते. यूटीएमवर तुम्ही बघता ती हीच तऱ्हा. दुसरी तऱ्हा कमी दाबाखाली, वर्षानुवर्षांनी येते. खालून टोचणारा दगड, ओढून नेताना पडलेला ओरखडा किंवा मिश्रणात राहिलेली कार्बन ब्लॅकची (पाइप काळा करणाऱ्या पुडीची) गाठ, अशा जागी बारीक चीर सुरू होते आणि न फुगता, न लांबता आरपार जाते. पॉलिथिनमध्ये स्फटिकांचे पातळ थर असतात, आणि एका थरातून निघून शेजारच्या थरात शिरलेल्या लांब साखळ्या त्यांना धरून ठेवतात, गोधडीतले टाके थर धरून ठेवतात तशा. कायमच्या ताणाखाली या साखळ्या एकेक करून निसटतात. झटक्यात ओढताना त्यांना निसटायला वेळच मिळत नाही, म्हणून ही दुबळी बाजू यूटीएमवर दिसत नाही. सहाशे टक्के लांबलेला पाइप या दुसऱ्या तऱ्हेने लवकर जाऊ शकतो, त्यात विसंगती काहीच नाही.

८० अंशांची टाकी याचसाठी लागते. तापमान वाढवलं की साखळ्यांचं सरकणं वेगाने होतं आणि वर्षांचं काम तासांत दिसतं. पाइपावर मुद्दाम भिंतीच्या वीस टक्के खोल खाच पाडून, एसडीआर ११ च्या (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असलेल्या) पीई १०० पाइपाला ९.२ बार दाबावर ५०० तास त्या पाण्यात ठेवणारी चाचणी मला या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटते. तिला फसवणं अवघड आहे.

एमएफआयला फसवणं मात्र सोपं आहे, आणि हे मी कुणावर बोट रोखून म्हणत नाही. १९० अंशांना, ५ किलोच्या वजनाखाली, २.०९५ मिमीच्या छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर येतो, एवढंच ते यंत्र सांगतं. तो आकडा सगळ्या साखळ्यांचा मिळून असतो. पीई १०० मध्ये आखूड आणि खूप लांब अशा दोन घराण्यांच्या साखळ्या जाणूनबुजून एकत्र केलेल्या असतात, आणि थर धरून ठेवायला मदत करणाऱ्या आखूड शाखा मुख्यतः लांब साखळ्यांवर असतात. ड्रमचं घट्ट भंगार आणि क्रेटचं पातळ भंगार योग्य प्रमाणात मिसळलं तर एमएफआय अगदी पीई १०० चा येतो. त्या मालात थर धरून ठेवणाऱ्या साखळ्या असतीलच, याची खात्री तो आकडा देत नाही.

डीएससी इथे उपयोगी पडतं. भंगारातून पॉलिप्रॉपिलीन आलं असेल तर आलेखावर १३० अंशांच्या वितळण्याच्या शिखराबरोबरच १६० ते १६५ च्या दरम्यान दुसरं शिखर दिसतं. त्याच यंत्रावर ओआयटी काढतात : नमुना २०० अंशांवर ऑक्सिजनमध्ये ठेवायचा आणि किती वेळाने त्याचं ऑक्सिडेशन सुरू होतं ते बघायचं. किमान २० मिनिटं हवीत. एकदा वापरून झालेल्या मालातलं अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनपासून वाचवणारं रसायन) बरंचसं खर्च झालेलं असतं, म्हणून तो लवकर हार मानतो. वरून अँटिऑक्सिडंट घालून हा आकडाही वाढवता येतो, हे खरं आहे. म्हणून एका आकड्यावर मी थांबत नाही.

धंद्याच्या आरोपाबद्दल. चाचणी महाग आहे आणि लहान कारखान्याला डीएससी घेणं परवडत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. ते घ्या असं मी म्हणतही नाही. दाण्याचा पुरवठादार किंवा ग्रेड बदलला की छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या (प्लॅस्टिकची सरकारी संस्था) ठिकाणी ओआयटीला नमुना पाठवता येतो. पण तुमच्या पाइपातून एखाद्या गावाचं पिण्याचं पाणी जाणार असेल, तर चर बुजवल्यावर तो पाइप पुन्हा कुणी बघणार नाही. फुटला तर रस्ता खोदावा लागतो आणि तोवर गावात टँकर फिरतो. ते बिल कुठल्याही लॅबच्या बिलापेक्षा मोठं असतं.

तुमच्याकडचं एमएफआयचं यंत्र मात्र तुम्ही याहून जास्त वापरू शकता, तेही एक पैसा न घालता. आज तुम्ही फक्त दाणा तपासता. त्याच लॉटच्या तयार पाइपाचा तुकडा कापून त्याचाही एमएफआय काढा. दोन्हींत वीस टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर एक्सट्रूडरमध्ये (दाणा वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्रात) माल बिघडतो आहे. आकडा वाढला तर साखळ्या तुटल्या, घटला तर त्या एकमेकींना चिकटल्या. तसं झालं तर बॅरलचं तापमान आणि माल आत किती वेळ राहतो, हे आधी बघा. दोन्ही आकडे इथेच कळवलेत तर बॅरलच्या कोणत्या झोनपासून (तापवायच्या टप्प्यापासून) सुरुवात करायची ते आपण मिळून ठरवू.