‘टिप’ ही आद्याक्षरांची पुरचुंडी नव्हे

वेटरला दिल्या जाणाऱ्या ‘टिप’विषयी एक संदेश वरचेवर फिरत असतो. त्यातील दावा असा की, सतराव्या शतकात लंडनच्या कॉफीगृहांत ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’, म्हणजे ‘तत्परतेच्या खात्रीसाठी’, असे लिहिलेली एक पेटी असे. गिऱ्हाईक तीत नाणे टाकी, आणि त्या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून ‘टिप’ जन्मली. खबर, सल्ला हे अर्थही म्हणे तिलाच पुढे फुटले.

आधी पेटीचे पाहू. सतराव्या शतकातील कॉफीगृहांविषयी त्या काळचे भरपूर लेखन उपलब्ध आहे, परंतु ही कथा छापील स्वरूपात ठळकपणे दिसते ती विसाव्या शतकाच्या आरंभी, उदाहरणार्थ १९०९ साली फ्रेडरिक हॅकवुड यांनी जुन्या खानावळींवर लिहिलेल्या पुस्तकात. शिवाय आद्याक्षरे जोडून उच्चारता येईल असा शब्द घडवण्याची सवय इंग्रजीत खऱ्या अर्थाने रुळली तीही विसाव्या शतकातच. असाच आद्याक्षरांतून घडलेला ‘रडार’ हा शब्द १९४० चा आहे.

या कथेचा खरा घात मात्र व्याकरण करते. पेटीवरच्या अक्षरांतून शब्द निघाला असता तर आधी नाम आले असते आणि क्रियापद मागाहून. घडले ते उलट. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चोर-भामट्यांच्या सांकेतिक बोलीत ‘टिप’ हे ‘देणे, हाती सरकवणे’ अशा अर्थाचे क्रियापद होते. जॉर्ज फार्कर यांच्या १७०७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात एक पात्र चर्चच्या सेवकाला अर्धा क्राउन ‘टिप’ केल्याचे सांगते, तेही क्रियापदच. बक्षिशी या अर्थाचे नाम अठराव्या शतकाच्या मध्याला दिसू लागते.

या दाव्याविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो मात्र मला लंगडा वाटतो. ‘खात्री करणे’ यासाठी ‘एन्शुअर’ हवे, ‘इन्शुअर’ म्हणजे विमा उतरवणे, म्हणून कथा खोटी, असे सांगतात. पण त्या काळी या दोन रूपांतील भेद आजच्याइतका काटेकोर नव्हता. खोट्या गोष्टीचे खंडनही कच्च्या पुराव्यावर करू नये.

राहिला प्रश्न इतर अर्थांचा. बोटाचे किंवा हिमनगाचे टोक म्हणजे ‘टिप’, हा अर्थ बक्षिशीपेक्षा काही शतकांनी जुना आहे. गाडी कलंडवून रिती करणे हे निराळे क्रियापद असून ब्रिटनमध्ये कचरा टाकण्याच्या जागेला ‘टिप’ म्हणतात ते त्यावरूनच. तिसरा अर्थ हलकेच टपली मारण्याचा. हाती पैसे सरकवण्याचा अर्थ बहुधा यातून आला असावा. घोड्यांच्या शर्यतीतली आतली खबर मात्र एकोणिसाव्या शतकातली. एकच अक्षरओळ, पण घराणी वेगवेगळी. कोशकार अशा शब्दांना स्वतंत्र नोंदी देतात त्या याचसाठी.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. पोलिसांना मिळालेली ‘टिप’ इंग्रजीतून आली आहे. तळटिपेतली ‘टीप’ मात्र टिप्पणीच्या गोतावळ्यातली आहे, आणि त्या दोघींचे नाते उच्चारापुरतेच आहे.