खुलासा: सिडनी-होबार्टचा विक्रम वाइल्ड ओट्सचा नाही

खडकवासल्यात शिडाच्या होड्या चालवणाऱ्या पुणेकरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘शंभर फुटी वाइल्ड ओट्स इलेव्हनने २०१७ ची सिडनी-होबार्ट शर्यत १ दिवस ८ तास ४८ मिनिटांत जिंकली, हाच आजवरचा विक्रम.’

वेळ बरोबर आहे, निकाल चूक. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून होबार्टपर्यंतच्या या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत पहिली वाइल्ड ओट्सच पोहोचली हे खरंच. पण सुटल्यावर थोड्याच वेळात, सिडनी बंदरातच, तिने कमांची या प्रतिस्पर्धी होडीच्या अगदी पुढ्यात दिशा बदलली. नियमाने आधी जायचा हक्क कमांचीचा होता. टक्कर टळली, तक्रार झाली आणि पंचांनी वाइल्ड ओट्सला एक तासाचा दंड केला. कमांची मागून २६ मिनिटांनी आली होती, त्यामुळे अधिकृत निकालात विक्रम तिच्या नावावर लागला: १ दिवस ९ तास १५ मिनिटं २४ सेकंद.

‘कमांचीला फुकट मिळालं’ ही मेसेजमधली पुस्तीही पटत नाही. रुंद, सपाट बुडाची ती होडी मुळात मोकळ्या समुद्रातल्या जोरदार वाऱ्यासाठीच बांधलेली. वाइल्ड ओट्स अरुंद, हलक्या वाऱ्यात सरस. २०१५ मध्ये कमांची होबार्टला पहिली आलीच होती.

वाइल्ड ओट्सच्या चाहत्यांनी नाराज होऊ नये, २०१८ मध्ये पहिली तीच आली. जुना मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा पाठवा.