डिफचं झाकण बदलून क्राऊन-पिनियन वाचत नाही

मेसेज तुम्हालाही आला असेल. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, जिथं जिथं गाडीवेड्या पोरांचे ग्रुप आहेत तिथं तो फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘डिफरन्शियलचं कंपनीचं पत्र्याचं झाकण फेकून द्या. फिन असलेलं ॲल्युमिनियमचं झाकण टाका. डिफ निम्म्याने थंड राहतो. तेल जास्त मावतं, म्हणून बदलायची कटकट संपली. क्राऊन-पिनियन कधी तुटत नाही. कुठल्याही गाडीला बसतं. मग समृद्धीवर बिनधास्त पळवा.’

मी गॅरेजवाला आहे. डिफ, म्हणजे डिफरन्शियल, इंजिनची ताकद दोन चाकांना वाटून देणारा गिअरांचा संच. पिनियन हा त्यातला ताकद आणणारा छोटा गिअर, क्राऊन हा त्याला जुळणारा मोठा. तो खोलणं आणि बांधणं हे माझं रोजचं काम. गेल्या उन्हाळ्यात हेच झाकण टाकलेली एक गाडी माझ्याकडे टो करून आली, म्हणून हे लिहितोय. पोरांचे कष्टाचे पैसे यात जातायत.

आधी ‘कुठल्याही गाडीला’ हे बघू. आपल्याकडे पळवायला घेतलेल्या बहुतेक गाड्या, म्हणजे पोलो, स्विफ्ट, आपल्या शेंद्र्यात बनलेली ऑक्टाव्हिया, पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचा डिफ गिअरबॉक्सच्या पोटात असतो. मागे झाकण लावायला जागाच नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतही दोन तऱ्हा. हौसिंग म्हणजे डिफचं बाहेरचं कवच. बँजो हौसिंगमध्ये मागचा गोल भाग वेल्ड केलेला असतो आणि सगळा संच पुढून निघतो. मागे गोलाकार बोल्ट असलेलं सुटं झाकण सॅलिसबरी पद्धतीच्या हौसिंगला असतं. आणि बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत ते झाकण मुळातच फिनवालं ॲल्युमिनियमचं असतं, शिवाय डिफला सबफ्रेमशी, म्हणजे गाडीखालच्या चौकटीशी, धरून ठेवायचं कामही तेच करतं. तिथं भलतं कास्टिंग लावणं म्हणजे खेळ नव्हे.

आता ‘निम्म्याने थंड’. गाडी 120 च्या वेगाने सलग चालली आणि चाकांकडे 25 किलोवॅट जात असतील, त्यातले शंभरात चार भाग गिअरच्या घर्षणात गेले असं धरा. डिफमध्ये एक किलोवॅट उष्णता झाली. घरातली इस्त्री डिफच्या आत सतत चालू आहे असं समजा. मे महिन्यात आपल्याकडे हवा 43 अंश. डिफ 100 अंशांवर असेल, तर हवेत आणि त्याच्यात 57 अंशांचा फरक. तो निम्मा म्हणजे 50 अंशांवर आणायचा, तर फरक उरतो फक्त सात. तेवढ्या फरकावर तीच उष्णता बाहेर टाकायची म्हणजे गारवा आठपट वाढायला पाहिजे. झाकण हा हौसिंगचा एक तुकडा. एका तुकड्याने आठपट कसं होणार? फिनांनी, म्हणजे झाकणावरच्या उष्णता टाकणाऱ्या पात्यांनी, फरक पडतो, हे मी नाकारत नाही, पण तोही वारा फिनांपर्यंत पोचला तर. फिनांत चिखल वाळून बसला की तेही गेलं.

यापेक्षा मोठी गोष्ट मेसेजमध्ये आलेलीच नाही: तेल कुठं जातं? गाडी पुढं जाताना क्राऊनचे दात खालून तेल उचलतात, झाकणाच्या आतल्या बाजूने वर नेतात आणि वरून पुढं पिनियनच्या बेअरिंगकडे फेकतात. कंपनीच्या झाकणाला आतून जो गोलवा असतो तो त्यासाठी. बाजारात मिळणारी कितीतरी झाकणं आतून सपाट असतात. वर गेलेलं तेल तिथं आदळतं, विखुरतं, फेसाळतं. फेस बेअरिंगला वंगण देत नाही. अमेरिकेत गेल बँक्स यांच्या कंपनीने पारदर्शक झाकणं लावून हे चित्रितही केलंय. ती कंपनी स्वतः झाकणं विकते, तेव्हा तिच्या मापांवर डोळे झाकून विसंबू नका. पण तेल कसं उडतं ते काचेआड डोळ्यांनी दिसतं.

माझ्याकडे आलेल्या गाडीत हेच होतं. पोरगा म्हणाला, “दादा, नवं झाकण टाकल्यावर 80 नंतर घूंऽऽ आवाज यायला लागला.” झाकण उघडलं तर तेलाला करपट वास, लोखंडी चुरा पकडणाऱ्या आतल्या चुंबकावर चांदीच्या भुकटीसारखी चमकी. पिनियनचं पुढचं बेअरिंग निळं पडलं होतं. झाकणाचं कास्टिंग बाहेरून सुरेख, आतून ताटासारखं सपाट. एका गाडीवरून मी नियम करत नाही. तरी तेल कमी नव्हतं, ग्रेड बरोबर होती, आणि बेअरिंग कोरडं चाललं की असं निळं पडतं.

‘तेल बदलायची गरज नाही’ याला उत्तर साधं आहे. इंजिनला फिल्टर असतो, डिफला नसतो. झिजलेला कण तेलातच फिरतो. डिफमध्ये घालतात त्या जीएल-5 दर्जाच्या गिअर तेलात दाब सोसायला जे गंधक-फॉस्फरसचे घटक असतात तेही संपत जातात. अर्धा लिटर जादा तेलाने डिफ तापायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. आणि भरायचा प्लग वर घेतलेला असेल तर जादा तेल ॲक्सलच्या सीलमधून ब्रेकपर्यंत जाऊ शकतं.

‘तुटत नाही’ यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. काही झाकणांना आतून बेअरिंग कॅपला, म्हणजे बेअरिंग दाबून धरणाऱ्या पट्टीला, टेकणारे दोन बोल्ट असतात. रुंद चिकट टायर, भरपूर ताकद आणि ड्रॅगसारखं सुटणं असेल, तर कॅप वाकायला त्यांनी अटकाव होतो. पण ते नुसते टेकवायचे असतात. आपल्याकडे पोरं पान्याला पाइप लावून आवळतात, मग कॅपच वाकडी होते. शिवाय दात तुटण्याची बहुतेक कारणं झाकणाच्या हातात नाहीत. क्राऊन-पिनियनमधला प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर ठेवावा लागतो. तो डायल गेजवर मोजून, शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकून बसवायचा असतो. अंदाजाने बांधलेला डिफ सोन्याच्या झाकणानेही वाचणार नाही.

आणखी एक, खास आपल्या भागातलं. काळी माती हौसिंगच्या ब्रिदरवर, म्हणजे हवा बाहेर जायच्या छोट्या वाटेवर, बसते आणि वाळून दगड होते. डिफ तापला की आतल्या हवेला वाट राहत नाही, मग ती पिनियनच्या सीलमधून तेल ढकलते. लोक सील बदलतात, पुन्हा गळतं, मग झाकण बदलायला निघतात. पावसाळा संपला की ब्रिदर काढून डिझेलने धुवा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्या पोराचं जुनं झाकण घरी माळ्यावर पडलं होतं. ते घासून, नवं सीलंट लावून परत चढवलं, बेअरिंगं नवी टाकली, प्ले मोजून बसवला. पहिलं तेल 900 किलोमीटरला काढलं. चुंबकावर राखाडी लेप होता, चमकी नव्हती. आवाज गेला होता.